सुपरचार्जर आणि नवतपा

हिंगणघाट तालुक्यातल्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. पत्र चार पानांचे आहे. त्यातला मुद्द्याचा भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

‘आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून २०११ सालची निस्सान ३७०झेड घेतली. सहा गिअरची, हाताने गिअर बदलायची, ४६ हजार किलोमीटर चाललेली. आता तिला सुपरचार्जर बसवण्याचा विचार आहे. बाहेरगावच्या एका ट्युनिंगवाल्याने बारा लाखांचा अंदाज दिला असून ३३० अश्वशक्तीची ४५० होईल, असे तो म्हणतो. मे महिन्यात समृद्धी महामार्गावर गाडी चालवली तेव्हा ऑइलचा काटा १२० अंशांच्या पुढे गेला होता. ऑइल कूलर नाही. टायर आधीच्या मालकाने बसवलेले आहेत. सुपरचार्जर कोणत्या जातीचा घ्यावा, आमच्या जिनिंगचा मिस्त्री तो बसवू शकेल का, आरटीओची आणि विम्याची काय अडचण येईल, ते सांगावे. बाबा म्हणतात, एवढ्यात दोन ट्रॅक्टर येतात.’

बाबांच्या हिशोबात मी पडत नाही. ट्रॅक्टरशी तुलना लावायची तर ही दोन आसनांची गाडी मुळात घरात आलीच नसती, आणि छंदाचा खर्च छंदाच्याच मापाने मोजलेला बरा. पण त्या मापाने मोजूनही माझे उत्तर ‘बसवू नका’ असेच आहे. त्याचे कारण तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांत नाही. ते पत्रात सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात आहे, की ऑइलचा काटा १२० च्या पुढे गेला होता.

तुम्ही जिनिंगमध्ये वाढलेले आहात, म्हणून सुपरचार्जर समजावणे मला सोपे आहे. तुमच्या कारखान्यातला पंखा नळीतून कापूस ओढतो तो हवेच्या जोरावर. मोटरवरची पुली मोठी केली की पंखा जोरात फिरतो, ओढ वाढते, पण त्याबरोबर मोटर जास्त करंट खाते आणि पट्टा तापतो, हे तुम्ही पाहिलेले असणार. सुपरचार्जर त्याच कुळातला आहे. इंजिनाच्या क्रँक पुलीवरून पट्ट्याने फिरणारा हा हवेचा पंप, इंजिन स्वतः ओढू शकेल त्यापेक्षा जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. जास्त हवेत जास्त पेट्रोल जाळता येते आणि शक्ती वाढते. टर्बोला एक्झॉस्टचा वायू फिरवतो आणि याला पट्टा फिरवतो, एवढाच दोघांतला मूळ फरक आहे. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला तर ७ पीएसआयचा बूस्ट (पंपाने वाढवलेला दाब) म्हणजे कागदावर ४८ टक्के जास्त हवा होते. प्रत्यक्षात त्यातला काही वाटा हवा तापण्यात जातो आणि काही पंप फिरवण्यात. तुमच्या मापाच्या इंजिनावर पूर्ण जोरात पंप फिरवायलाच २५ ते ३० अश्वशक्ती खर्ची पडते. हे सगळे वजा जाता ३३० ची ४५० होणे अशक्य नाही, म्हणजे ट्युनिंगवाल्याने आकडा फुगवलेला नाही. तो आकडा कोणत्या तापमानाच्या हवेत मिळतो, एवढे मात्र त्याला विचारा.

या यंत्राचा इतिहास जिनिंगवाल्याला आवडावा असा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या भावांची लोकरीची गिरणी होती आणि गिरणीच्या पाणचक्कीत सुधारणा करण्याच्या खटपटीत त्यांना एकमेकांत फिरणाऱ्या दोन पाळ्यांचा हा पंप सापडला. पाण्यासाठी तो फारसा उपयोगी ठरला नाही, पण हवा मात्र जोरात फेकू लागला, आणि १८६० साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. पुढे तो भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवू लागला. इंजिनात दाबाने हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ साली घेतले, मर्सिडीजने १९२१ मध्ये ती विक्रीच्या मोटारींत आणली, आणि तिचे खरे चीज झाले ते विमानांत. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाचा दम तुटतो, आणि तिथे हा पंप जमिनीवरची हवा परत मिळवून देतो.

आपल्याकडे उंचीचा प्रश्न नाही, कारण हिंगणघाट समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे-सव्वादोनशे मीटरवर आहे. आपली हवा विरळ होते ती उन्हाने. १५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की तिची घनता साधारण साडेनऊ टक्क्यांनी कमी होते. थंडीच्या सकाळी अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला जी हवा असते, जवळजवळ तितकीच विरळ हवा नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी तुमच्या जिनिंगच्या आवारात असते. मे महिन्यात गाडी मरगळल्यासारखी वाटते, अशी तक्रार तुम्ही पत्राच्या शेवटी केली आहे. तिचा बराचसा उलगडा एवढ्यातच होतो. गाडीत बिघाड असेलच असे नाही. ही तूट सुपरचार्जर भरून काढेल, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. तो ती भरून काढतोही. पण दाबलेली हवा तापते, आणि आधीच तापलेली हवा दाबली की फार तापते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड हाताला चटका देते, ते घासण्याने कमी आणि हवा दाबली गेल्याने जास्त. १५ अंशांची हवा ७ पीएसआयने दाबली आणि पंपाची कार्यक्षमता चांगली, म्हणजे ७० टक्के, धरली तर ती साधारण ६४ अंशांवर बाहेर पडते. तीच हवा आत येतानाच ४५ अंशांची असेल तर बाहेर पडताना ती शंभर अंशांना टेकते. जुन्या धाटणीच्या रूट्स पंपाची कार्यक्षमता याहून कमी असते, तिथे हा आकडा ११० च्याही वर जातो. परदेशातल्या किटवाल्याची जाहिरात वाचताना ती कोणत्या देशातल्या कोणत्या ऋतूत मोजली, हे कोणी लिहीत नाही.

यावर इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी थंड करणारे साधन, हा उपाय आहे आणि तो नसलेले किट तुम्ही फुकटसुद्धा घेऊ नये. पण इंटरकूलर म्हणजे हवेने थंड होणारी जाळीच, आणि ती बहुधा रेडिएटरच्या पुढे बसते. ती स्वतः बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि तिच्यातून गरम होऊन निघालेली हवाच मागे रेडिएटरला मिळते. इकडे इंजिनाला जास्त पेट्रोल जाळायचे आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला पाणी व ऑइल यांच्या माथी येतो. म्हणजे पूर्ण जोरावर १२० अश्वशक्ती वाढवली की साधारण तितकीच उष्णता त्या रेडिएटरला आणि त्या ऑइलला जास्तीची वाहून न्यायची असते, ज्यांना आजचीच झेपत नाही.

१२० अंशांचे ऑइल म्हणजे लगेच अनर्थ नव्हे. चांगले सिंथेटिक ऑइल ते सोसते. पण तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर ऑइल १४० अंशांच्या आसपास पोहोचले की इंजिनाचे फेरे आपणहून कमी करतो, आणि ट्रॅकवर ही गाडी चालवणाऱ्यांनी, ऑइल कूलर नसताना, काही फेऱ्यांतच हा अनुभव घेतलेला आहे. तुम्ही सरळ रस्त्यावर, सुपरचार्जर नसताना, १२० ओलांडले आहेत. तुमच्या हातात १५-२० अंशांचीच पुंजी शिल्लक आहे आणि बारा लाख देऊन तुम्ही ती खर्चून टाकायला निघाला आहात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की ऑइल सुमारे दुप्पट वेगाने खराब होते, असा एक कामचलाऊ नियम आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू. तो अगदी काटेकोर नाही, पण बेअरिंगच्या किमती पाहता तो मानलेला बरा.

याहून वाईट गोष्ट सिलिंडरच्या आत घडते. तुमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ११ ला १ आहे, म्हणजे आत आलेले मिश्रण अकराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबले जाते. सुपरचार्जरविना चालण्यासाठीच ते तसे ठेवलेले आहे, आणि त्यामुळेच ३.७ लिटरमधून एवढी शक्ती निघते. त्यात आधीच दाबलेली, तापलेली हवा गेली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता कोपऱ्यातले मिश्रण आपणहून पेटते. त्याला आपण नॉकिंग म्हणतो. हलक्या नॉकिंगमध्ये इंजिनात खडे वाजल्यासारखा आवाज येतो. जोराचे असेल तर आवाज ऐकून पाय काढेपर्यंत काम झालेले असते. माझ्या टेबलावर कागद दाबायला एक पिस्टन आहे. मी पंचवीस वर्षे तंत्रनिकेतनात इंजिने शिकवली, त्या काळात एका माजी विद्यार्थ्याने तो आणून दिला होता. त्याच्या डोक्याला कडेने हरभऱ्याएवढे भोक पडले आहे आणि भोकाभोवतीचे ॲल्युमिनियम मेणासारखे ओघळले आहे. त्या गाडीला बसवलेले किट चांगले होते आणि बसवणारा माणूसही जाणता होता. ट्युनिंग मात्र डिसेंबरातल्या एका रात्री झाले होते, आणि गाडी एप्रिलमध्ये जळगावच्या वाटेवर दुपारी पळवली गेली.

इथे पेट्रोलचा विषय येतो. तुमची गाडी उच्च ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंग जास्त रोखणारे, पेट्रोल गृहीत धरून बनवलेली आहे, आणि दाबाने हवा भरल्यावर ती गरज वाढते. नागपुरात ९५, ९७ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल शोधले तर मिळते; वडनेरच्या किंवा जांबच्या पंपावर रात्री नऊ वाजता ते मिळेल, असे धरून चालता येत नाही. इंजिन १०० ऑक्टेनवर ट्यून केले आणि अडचणीला साधे पेट्रोल भरले, तर माझ्या टेबलावर दुसरा पिस्टन येईल. म्हणून ट्युनिंग नेहमी मिळू शकेल त्या सर्वांत कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर करावे लागते, आणि तसे केले की ४५० चा आकडा खाली येतो, हे ट्युनिंगवाल्याच्या अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

आता पंपांवर जे पेट्रोल मिळते त्यात २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलची नॉकिंग रोखण्याची ताकद चांगली आहे, एवढी त्याची बाजू मान्य करावी लागेल. पण साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात तर इथेनॉलच्या एका भागाला ९ च लागतात, म्हणून या मिश्रणावर तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. सुपरचार्जरने हवा वाढवली, इथेनॉलने इंधनाची मागणी वाढवली, आणि इंजेक्टर व पंप २०११ चेच राहिले, तर पूर्ण जोरात मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रण जास्त तापते आणि गोष्ट पुन्हा त्या भोकापाशी येते. मोठे इंजेक्टर, मोठा इंधन पंप, एका पायरीने थंड स्पार्क प्लग आणि मिश्रण सतत दाखवणारा वाइडबँड सेन्सर हे सारे बारा लाखांत आहे की नाही, ते लेखी विचारा. बूस्टमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण १२ ला १ च्या आसपास किंवा त्याहून दाट राहिले पाहिजे. तुमच्या या जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील एवढ्या इथेनॉलसाठी बनलेले नाहीत, तेही तपासून घ्या. हे काम सुपरचार्जर बसवला नाही तरी करायचेच आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, तेव्हा महिनोन्‌महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी भरून ठेवण्यापेक्षा तिला पंधरवड्यातून एकदा फिरवून आणणे चांगले.

कोणत्या जातीचा घ्यावा, या प्रश्नावर मी थोडक्यात सांगतो, कारण तो पुढचा प्रश्न आहे. रूट्स आणि त्याचा सुधारलेला चुलतभाऊ ट्विन-स्क्रू हे कमी फेऱ्यांपासून पूर्ण दाब देतात, त्यामुळे गावातल्या वाटेवर, स्पीड ब्रेकरवरून निघतानासुद्धा, ते जाणवतात. सेंट्रिफ्यूगल हा टर्बोच्या पंख्यासारखा असतो, मिनिटाला ४०-५० हजार फेरे घेतो, हवा कमी तापवतो, आणि तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली बसणारी किटे प्रामुख्याने त्याचीच आहेत. त्याचा दाब मात्र फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. साडेसात हजार फेऱ्यांना ७ पीएसआय मिळत असेल तर त्याच्या निम्म्या फेऱ्यांना पावणेदोन. समृद्धीवर सहाव्या गिअरमध्ये १२० ने जाताना तुमचे इंजिन अडीच-पावणेतीन हजारांवर फिरत असते आणि थ्रॉटल अर्धाही उघडा नसतो, म्हणजे तिथे तो यंत्रराज नुसता पट्टा फिरवत बसेल.

हा हिशोब जरा पुढे नेतो, कारण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दीड टनाची, बसकी, हवेला कमी अडवणारी अशी तुमची गाडी सपाट रस्त्यावर १२० च्या वेगाने धरून ठेवायला ३० ते ३५ अश्वशक्ती पुरते. समृद्धीवर मोटारींना मर्यादा १२० चीच आहे. येळाकेळीला चढून शिर्डीपर्यंत गेलात तरी गाडीतल्या ३३० पैकी जवळजवळ तीनशे अश्वशक्ती बसून राहतात. त्यात आणखी १२० भरती करून त्यांना कोणते काम द्यायचे, हे मला सांगा. वेग पकडताना मजा येते, हे मीही नाकारत नाही, मीही तरुणपणी मोटारसायकलचा सायलेन्सर कापला होता. पण ती मजा आपल्या रस्त्यावर सहा-सात सेकंदांची असते आणि त्यानंतर ब्रेक लागतो. १२० ऐवजी १५० ने येणाऱ्या गाडीत थांबवायची ऊर्जा ५६ टक्के जास्त असते. हिंगणघाटहून वर्ध्याकडे रात्री जाताना धुऱ्यावरून रोही, म्हणजे नीलगाय, उडी घेते तेव्हा ती ऊर्जा कुठे जाते, हे तुमच्या तालुक्यात कोणाला सांगायला नको. रोही अडीच क्विंटलची असू शकते आणि तुमच्या गाडीचे बॉनेट तिच्या पायांच्या उंचीला येते.

टायरबद्दल तुम्ही फक्त ‘आधीच्या मालकाने बसवलेले’ एवढेच लिहिले, म्हणून मला काळजी वाटते. टायरच्या कडेवर डीओटीने सुरू होणारी अक्षरे शोधा. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. १४१७ असे असेल तर तो टायर २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातला आहे. नक्षी किती उरली आहे याला मग महत्त्व नाही. उन्हात वाळलेले रबर तापलेल्या सिमेंट रस्त्यावर तास-दीड तास १२० ने फिरले की काय होते, हे समृद्धीवरच्या अपघातांच्या बातम्यांत वाचायला मिळते. सहा-सात वर्षांपुढचे चारही टायर आजच बदला, त्याच मापाचे आणि त्याच वेगदर्जाचे घ्या, आणि हवेचा दाब सकाळी, गाडी थंड असताना मोजा.

तुमच्या मिस्त्रीबद्दल मी आदराने लिहितो, कारण पट्टा आणि पुली यांची समज त्याच्याइतकी शहरातल्या अनेक पोरांना नसते. पुल्या एका रेषेत आहेत का, पट्ट्याचा वेढा पुरेसा आहे का, तापल्यावर पट्टा घसरतो का, हे सारे तो नजरेने सांगेल, आणि सुपरचार्जरची निम्मी दुखणी याच जागी असतात. बसवणे त्याला जमेल. ट्युनिंग जमणार नाही. त्यासाठी गाडी डायनोवर, म्हणजे चाके जागीच फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले इंधनाचे आणि ठिणगीच्या वेळेचे तक्ते बदलावे लागतात, आणि ते काम करणारी माणसे पुणे, बंगळूर, कोइमतूर अशा ठिकाणी आहेत. त्यांच्याकडे गाडी न्यायचीच असेल तर थंडीत नेऊ नका, मेमध्ये न्या. बंगळूरची हवा मेमध्येही तुमच्या हवेपेक्षा बरीच थंड असते, तेव्हा तापलेल्या हवेसाठी ठिणगी मागे घेणारा तक्ता नीट भरून घेतला आहे का, ते कागदावर पाहून घ्या.

एक गोष्ट कोणताही ट्युनिंगवाला तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याने कापसाचा हंगाम पाहिलेला नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तुमच्या आवारात आणि बाजार समितीच्या रस्त्यावर जी रुई उडत असते ती रेडिएटरच्या जाळीत अडकते, वर काळ्या मातीचा फुफाटा बसतो, आणि दोन्हींचा मिळून नमदा तयार होतो. आता एक जाळी आहे. इंटरकूलर आणि ऑइल कूलर आले की एकामागे एक तीन होतील, आणि मधल्या फटीत साचलेली रुई बाहेरून दिसणारही नाही. कॉम्प्रेसरची हवा मागून पुढे, हलक्या दाबाने मारायची, समोरून पाण्याचा जोराचा फवारा मारून पाती वाकवायची नाहीत. गाडी आवाराच्या आत उभी करणे तर आजपासूनच बंद करा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी जुळेनासे होतील असा फेरबदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम तुमच्या बजेटपुढे किरकोळ आहे, हे खरे. विमा मात्र किरकोळ नाही. कंपनीला न कळवता इंजिनात एवढा बदल केला तर अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करून ठेवता, आणि समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर प्रकरण पैशांपुरते राहत नाही. शिवाय गाडी २०११ ची आहे. पंधरा वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपते आणि नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. आरसी बुकातली नेमकी तारीख पाहा. बॉनेट उघडल्यावर समोरच चकचकीत पंप दिसणारी गाडी घेऊन वर्ध्याच्या कार्यालयात उभे राहणे, हा प्रसंग मी माझ्या शत्रूवरही आणणार नाही.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी माझे उत्तर नाही असेच राहील, आणि ते नवतपा संपल्यावर बदलणारे नाही. तुम्हाला ही गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवायची असेल, ट्रेलरवर घालून कोइमतूरला, चेन्नईला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर न्यायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी सेंट्रिफ्यूगल, इंटरकूलरसह, ६ पीएसआयच्या आत, असे सुचवीन. पण त्याआधी सहाही सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (दाबाची हवा किती गळते ते पाहणारी) चाचणी करून घ्या. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर त्या इंजिनाला दाबाची हवा दाखवायची नाही. या गाडीच्या क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असतो आणि तो गळू लागला की सगळा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, हेही त्याच वेळी पाहून घ्या, म्हणजे मजुरी एकदाच पडेल.

बारा लाखांपैकी सव्वा-दीड लाख मी तुम्हाला यंदा खर्च करायला सांगतो. थर्मोस्टॅट असलेली प्लेट लावून चांगल्या आकाराचा ऑइल कूलर बसवा. थर्मोस्टॅट यासाठी की जानेवारीतल्या सकाळी ऑइल गरजेपेक्षा थंड राहू नये. त्याने आरसीतला कोणताही आकडा बदलत नाही, तरी विमा कंपनीला एक पत्र टाकून ठेवा. रेडिएटर काढून नीट साफ करा आणि कूलंट बदला. ब्रेक फ्लुइड डॉट ४ चे नवीन भरा आणि पॅड जास्त तापमान सोसणारे घ्या. चारही टायर बदला. त्यानंतर उरलेल्या पैशातून एखाद्या ट्रॅकवर प्रशिक्षकासोबत दोन दिवस घालवा. या गाडीची मागची चाके पूर्ण जोरात काय करतात, ते तुम्ही अजून पाहिलेले नाही, असा माझा पत्रावरून तर्क आहे, कारण ज्याने पाहिले आहे तो सहसा आणखी १२० अश्वशक्ती मागत नाही, आधी टायर मागतो.

ऑइल कूलर बसल्यावर मे महिन्यात, दुपारी दोन ते चार या वेळेत, येळाकेळी ते धामणगाव आणि परत, मर्यादेच्या वेगाने एक फेरी मारा. दर दहा किलोमीटरला ऑइलचा आणि पाण्याचा काटा शेजारी बसलेल्याला लिहून घ्यायला सांगा, बाहेरचे तापमानही लिहा, आणि तो कागद मला पाठवा. ऑइल १०५ च्या खाली राहिले तर आपण पुढचे बोलू. शेजारी बाबांना बसवले तर उत्तम. तापमानाची नोंद ठेवायला जिनिंगवाल्याइतका नेमका माणूस मिळणार नाही, आणि ट्रॅक्टरचा विषयही वाटेत निघेल.